साखळीतला पैसा येतो कुठून?
नेटवर्क मार्केटिंगचे प्रकार आणि बचतदाराने घ्यायची काळजी

‘एफडी मोडायची आहे.’ बँकेच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येते. कारण बहुतेक वेळा दवाखान्याचे, मुलांच्या फीचे किंवा घरातल्या लग्नाचे असते. पण कधी कधी ग्राहक जरा घुटमळतो आणि मग सांगतो, ‘भाच्याने एक बिझनेस दाखवला आहे. दहा हजार भरायचे आणि दोन माणसे जोडायची, बस्स.’

पैसे तुमचे आहेत, निर्णयही तुमचाच. पण फॉर्मवर सही करण्यापूर्वी तो ‘बिझनेस’ नक्की कोणत्या प्रकारचा आहे, हे समजून घ्या. बाहेरून हे सगळे प्रकार सारखेच दिसतात. आतून ते फार वेगळे असतात.

1. एकस्तरीय थेट विक्री

विक्रेता दारात येतो, वस्तू दाखवतो, विकतो आणि त्या विक्रीवर त्याला कमिशन मिळते. त्याने दुसऱ्याला जोडण्याचा प्रश्नच नाही. घरोघरी जाऊन व्हॅक्यूम क्लीनर आणि पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे युरेका फोर्ब्सचे विक्रेते अनेकांना आठवत असतील. इथे हिशेब सरळ आहे : वस्तू खपली तर कमाई, नाही खपली तर नाही.

2. घरगुती बैठकीतली विक्री

टपरवेअरचे डबे आपल्या घरांत असेच आले. एका घरी मैत्रिणी जमतात, वस्तू हाताळून बघतात आणि तिथेच ऑर्डर देतात. हळदीकुंकवाला किंवा भिशीला जमलेल्या बायकांसमोर साड्या मांडाव्यात, तसाच हा प्रकार. यातही मुख्य कमाई विक्रीची असते. धोका असतो तो भिडेचा. गरज नसताना ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून खरेदी होते.

3. बहुस्तरीय विक्री, म्हणजे एमएलएम

इथे तुमच्या विक्रीबरोबरच तुम्ही जोडलेल्या माणसांच्या विक्रीवरही कमिशन मिळते. तुमच्या वरचा तो अपलाइन, खालचे ते डाउनलाइन. याचे आराखडे चार प्रकारचे दिसतात.

युनिलेव्हल : तुमच्याखाली थेट कितीही माणसे जोडता येतात.
मॅट्रिक्स : प्रत्येकाखाली ठरावीकच जागा असतात. जास्तीची माणसे खालच्या पायरीवर बसवली जातात.
बायनरी : डावा आणि उजवा असे दोनच ‘लेग’. दोन्हीकडे जोडी जुळली तरच कमिशन मिळते. त्यामुळे एक बाजू लंगडी राहिली की दुसरीकडची मेहनतही अडकून पडते.
पायऱ्यांचा आराखडा : गटाची विक्री वाढेल तशी कमिशनची टक्केवारी वाढते. खालचा माणूस ठरावीक पायरीवर पोचला की त्याचा गट वेगळा होतो.

4. पिरॅमिड

दिसायला हा तिसऱ्या प्रकारासारखाच असतो. फरक असा की इथे कमाई वस्तू विकून होत नाही, माणसे भरती करून होते. वस्तू असलीच तर ती नावापुरती असते : भारी किमतीचे घड्याळ, कोणी न उघडणारा ऑनलाइन कोर्स, किंवा दुकानात निम्म्या किमतीत मिळेल अशी पावडर.

आकडे मांडून पाहा

समजा, एका बायनरी योजनेत 10,000 रुपये भरून सभासद व्हायचे आहे. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा प्रत्येक जोडीमागे 2,000 रुपये मिळतात. भरलेली रक्कम वसूल करायला 5 जोड्या, म्हणजे तुमच्याखाली किमान 10 माणसे हवीत.

आता प्रत्येकाने खरोखरच दोन माणसे आणली असे धरा. साखळी दहा ओळींची झाली की एकूण सभासद होतात 1,023. सर्वांत खालच्या ओळीत 512 जण आहेत. त्यांच्याखाली कोणीच नाही. त्यांच्या वरच्या 256 जणांची प्रत्येकी एकच जोडी झाली. त्याहून वरच्या 128 जणांच्या तीन जोड्या झाल्या, म्हणजे 6,000 रुपये मिळाले. या 896 जणांपैकी कोणाचेही पैसे वसूल झालेले नाहीत. वसूल झाले फक्त वरच्या 127 जणांचे. थोडक्यात, दर आठातले सात जण तोट्यात. यात कोणी आळशी नव्हते, सगळ्यांनी आपापले काम चोख केले.

‘साखळी पुढे वाढेल, मग खालच्यांनाही मिळेल’, असे सांगितले जाते. पण तुमच्यापासून विसाव्या ओळीत 10,48,576 माणसे लागतात. 2011च्या जनगणनेनुसार रायपूर शहराची लोकसंख्याच सुमारे 10 लाख होती. साखळी कुठेतरी थांबणारच, आणि ती जिथे थांबेल तिथे तळाचे लोक अडकणारच.

घडलेली उदाहरणे

2011 मध्ये स्पीक एशिया हे नाव देशभर गाजले. 11,000 रुपये भरा, घरबसल्या इंटरनेटवर सर्व्हे भरा आणि कमवा, अशी ती योजना होती. नवे सभासद आणले तर वेगळा लाभ. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास सुरू केला, खाती गोठवली गेली आणि लाखो सभासद अडकले.

नाव मोठे आणि वस्तू चांगली असली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. एप्रिल 2022 मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने ॲमवे इंडियाची 757.77 कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. पिरॅमिड पद्धतीचा आरोप त्यामागे होता. हा आरोप आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे. पण वस्तू कितीही नामांकित असली तरी कमिशनचा आराखडा वेगळा तपासावा लागतो, एवढे यातून दिसते.

आपल्या छत्तीसगडमध्ये ‘चिटफंड’ कंपन्यांच्या जखमा अजून ओल्या आहेत. (नोंदणीकृत चिटफंड 1982च्या कायद्याने चालतो आणि तो वैध आहे, या कंपन्यांना ते नाव लोकांनी दिले.) 2021 मध्ये सरकारने ठेवीदारांकडून अर्ज मागवले, तेव्हा लाखो अर्ज आले. या कंपन्यांसाठी घरोघरी फिरणारे एजंट आपल्याच वस्तीतले तरुण होते. कंपन्या बुडाल्यावर त्यांच्यावरही गुन्हे दाखल झाले. पैसा मामा-मावशीचा, पावतीवर सही भाच्याची.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम 28 डिसेंबर 2021 रोजी लागू झाले. थेट विक्रीला परवानगी आहे, पण विक्रेत्यांच्या जाळ्यातली कमाई फक्त वस्तू किंवा सेवेच्या विक्रीतूनच झाली पाहिजे. पिरॅमिड आणि पैसे फिरवणाऱ्या योजनांना बंदी आहे. कंपनीचे भारतात नोंदणीकृत कार्यालय, विक्रेत्याशी लेखी करार आणि तक्रार निवारण अधिकारी असणे बंधनकारक आहे.

1978चा पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा आणखी पुढे जातो. अशी योजना चालवणेच नव्हे, तर तिचा सभासद होणे आणि तिच्यात भाग घेणे यांनाही मनाई आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची होऊ शकते. ‘मी तर फक्त दोन माणसे जोडली’ हा बचाव ठरत नाही.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न

1. मी एकही माणूस जोडला नाही, तर नुसत्या विक्रीतून कमाई होईल का?
2. ही वस्तू सभासद नसलेला शेजारी या किमतीला विकत घेईल का?
3. सभासद होण्यासाठी पैसे किंवा सक्तीची खरेदी आहे का?
4. न खपलेला माल परत घेण्याची अट करारात लिहिलेली आहे का?
5. ‘आजच भरा, उद्या जागा जाईल’ अशी घाई केली जाते आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ आली, तर तिथेच थांबा. आराखड्याचे नाव बायनरी असो की मॅट्रिक्स, त्याने काही बदलत नाही.

पैसे भरून झाले असतील तर

पावत्या, मेसेज, खात्याचे स्टेटमेंट जपून ठेवा. भरलेले काढण्यासाठी नवी माणसे जोडू नका. त्याने आपला तोटा दुसऱ्याच्या घरी जातो. ग्राहक तक्रारीसाठी 1915 आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 या क्रमांकावर फोन करा. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर देता येते. पोलिस ठाण्यात लेखी तक्रार करून पोच घ्या.

बँकेतल्या ठेवीचे व्याज कमी वाटते, हे खरे. पण ते कुठून येते ते सांगता येते : बँक कर्ज देते, कर्जदार व्याज भरतो, त्यातला वाटा तुम्हाला मिळतो. शिवाय एका बँकेतील तुमच्या ठेवींना व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. भाच्याच्या योजनेबद्दलही एवढेच विचारा : ‘माझ्या हातात येणारा रुपया कोणाच्या खिशातून येणार?’ उत्तर ‘माझ्यानंतर येणाऱ्याच्या’ असे असेल, तर एफडी आहे तिथेच राहू द्या.