राखणीचा कुत्रा, गोचीड आणि जंत

उसात नाहीतर धानात रानडुकरे शिरू लागली की आपल्याला कुत्र्याची आठवण होते. एरवी तो बापडा गोठ्याच्या कोपऱ्यात अंग खाजवीत पडलेला असतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गुरांमागे जंगलात जाणारा आणि रात्री शेतावर जागलीला असणारा कुत्रा म्हणजे घरचा गडीच. पण बैलाला दवाखाना आणि कुत्र्याला रामभरोसे, अशीच आपली रीत!

गोचीड दिसले की कुणीतरी सांगतेच, "लाव थोडं कपाशीचं औषध, मरतीन सारे." हे मात्र कदापि करू नये. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती माणसे औषध पीत नव्हती, नुसते फवारीत होती. कुत्रा तर अंग चाटतो, आणि त्याच कुत्र्याच्या गळ्यात आपली पोरे पडतात.

दुसरे असे, की गोचीड कायम कुत्र्याच्या अंगावर राहतो हा समज चुकीचा आहे. कुत्र्याचा तपकिरी गोचीड जन्मात तीनदा रक्त पितो आणि दर वेळी खाली उतरून भिंतीच्या भेगेत, कुडाच्या सांदीत दडतो. एकेक मादी हजारांवर अंडी घालते. उपाशी गोचीडसुद्धा कित्येक महिने तग धरतो. तेव्हा कुत्रा धुतला आणि बसायची जागा तशीच ठेवली, तर थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न! भेगा लिंपून घ्याव्यात, जुनी पोती जाळावीत, जागा रोज झाडावी. पिसवांनाही हाच उपाय. कुत्र्याला लावायचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच आणावे. गोचीड काढताना बिडीचा चटका नको, रॉकेल नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, नखाने चिरडू नये. कुत्र्याने खाणे सोडले, ताप आला, नाकातून रक्त आले किंवा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गोचिडातून येणारा ताप अंगावर काढण्यासारखा नसतो.

आता जंतांचे. गावात बोकड कापला की काळीज-फुप्फुसाचे टाकाऊ तुकडे कुत्र्यापुढे फेकतात. त्यांत पाण्याने भरलेल्या गाठी असल्या तर त्यांतूनच कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात आणि पोरांच्या हातातून पोटात जातात. मग माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढत राहते. पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून असले तुकडे खोल पुरावेत, नाहीतर चांगले उकळूनच घालावेत. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. नुसत्या पायपरेझिनने हा कृमी पडत नाही, प्राझिक्वान्टेल लागते.

पिल्लांना गोल जंत आईच्या पोटातूनच येतात. त्यामुळे पहिला डोस दोन आठवड्यांचे झाल्यावर द्यावा, आईलाही त्याच वेळी. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी.

डोस वजनावर असतो, अंदाजाने देऊ नये. कुत्रा काट्यावर उभा राहत नाही, ही तक्रार नेहमीची. पण आपण उसाची गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलतोच की! कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी.