माणूस बरा झाला, घरी नेणार कोण?

कार्ल्याहून मळवलीला लोकल धरली की पुणे, आणि पुढे येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. अशा वॉर्डातील सिस्टरला रात्रपाळी, आरडाओरड, प्रसंगी मारही सोसावा लागतो. पण मन खचते ते डिस्चार्जच्या वेळी. रुग्ण बरा होऊन दाराकडे बघत बसतो आणि घरचे फिरकत नाहीत!

केवळ घरचे स्वीकारत नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण कायदा काही ताट वाढत नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या माणसाला न्यायला जा. गोळ्या कोणत्या, किती, पुन्हा कधी दाखवायचे, हे सिस्टरकडून नीट समजून घ्या. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. अडल्यास 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर विचारा. तुम्ही गेलात, तर त्या सिस्टरचेही ओझे हलके होईल.