माजघरापर्यंत वायफाय

मोठे घर हे भाग्याचे लक्षण, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी वस्त्यांतून अशी घरे आजही उभी आहेत. पुढे ओसरी, मध्ये चौक, त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि वर माडी. हातभर जाडीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, थंडीत ऊब राखतात. आता मात्र याच भिंती एका नव्या पाहुण्याची वाट अडवून उभ्या आहेत. तो पाहुणा म्हणजे वायफाय.

बहुतेक घरांतील हकिकत सारखीच असते. इंटरनेटची जोडणी करणारा कारागीर येतो आणि तार जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात, राउटर बसवून निघून जातो. ओसरीवर सारे सुरळीत चालते. माजघरात मात्र चित्र गोठते आणि शब्द तुटतात. तरुण मंडळींचे यामुळे फारसे अडत नाही. फोन हाती घेऊन ती पुढे येऊन बसतात. अडते ते आजीचे. गुडघे धरलेल्या आजीला परदेशी राहणाऱ्या लेकीशी बोलायचे, तर दोनतीन उंबरे ओलांडून ओसरीवर यावे लागते. तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत मायलेकींनी बोलावे तरी काय? ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे.’ याच्या पलीकडे गोष्ट जात नाही.

अशा वेळी घरातील कर्ता पुरुष प्रथम अधिक वेगाची, अधिक दराची योजना घेतो. हा खर्च पुष्कळदा वाया जातो. त्याआधी एक साधी परीक्षा करावी. राउटरच्या शेजारी उभे राहून फोनवर वेग मोजावा आणि मग तोच वेग माजघरात मोजावा. राउटरजवळच वेग कमी भरला, तर दोष बहुधा जोडणीचा किंवा यंत्राचा. पुरवठादाराकडे तक्रार करावी. तेथे वेग चांगला आणि आत कमी असेल, तर दोष घरातील वाटेचा. मग योजना कितीही महाग घेतली तरी भिंत काही पातळ होत नाही.

वायफायच्या लहरी बहुधा दोन प्रकारच्या असतात : २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पहिल्या प्रकारच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारे सहा. लांब लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी पार होते, पण तिचा वेग बेताचा. आखूड लहर वेगवान खरी, परंतु दगडविटांच्या जाड भिंतीपुढे लवकर हार खाते. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा लहरींना परतवतात, तर पाण्याची टाकी त्या शोषून घेते. मायक्रोवेव्ह शेगडीही २.४ च्या आसपासच चालते. म्हणून राउटर तिच्याजवळ ठेवू नये.

पहिला उपाय बिनखर्चाचा किंवा अल्प खर्चाचा आहे. समई आपण कोपऱ्यात झाकून ठेवत नाही. राउटरलाही तोच न्याय लावावा. तो शक्यतो घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्यावर असावा. चौकाचे घर असेल तर चौकाकडे तोंड असलेल्या पडवीत, पाऊस लागणार नाही अशा जागी, तो विशेष शोभतो. कारण लहरी मोकळ्या चौकातून दारांखिडक्यांवाटे भोवतालच्या खोल्यांत शिरतात. जागा बदलताना प्रकाशतंतूची तार आपण ओढू नये. ती तीव्र वळली तर निकामी होते. ते काम कारागिराकडूनच करवून घ्यावे.

एवढ्याने भागले नाही, तर लहरी पुढे ढकलणारे ‘रिपीटर’ नावाचे लहान यंत्र दुकानदार सुचवतो. त्यात एक मेख आहे. जे यंत्र एकाच लहरीवर ऐकते आणि बोलते, त्याचा वेग निम्म्याच्या आसपास उतरतो. शिवाय ज्या खोलीत मुळातच काही पोहोचत नाही, तेथे ते बसवले तर पुढे देणार तरी काय? ते अर्ध्या वाटेवर, वायफाय चांगले मिळते अशा जागीच हवे.

जाड भिंतींच्या घराला खरा टिकाऊ उपाय म्हणजे तार. लहरींनी भिंत भेदावी असा हट्ट सोडून, बोटाहून बारीक तार भिंतीपलीकडे न्यावी. ‘कॅट ६’ जातीची तार १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते. एवढ्यात बहुतेक वाडे मावतात. तिच्या दुसऱ्या टोकाला माजघरात दुसरे वायफाय-यंत्र, म्हणजे ‘ॲक्सेस पॉइंट’, बसवावे. घरात जुना राउटर पडून असेल तर बहुधा तोही या कामी येतो. मात्र फोनांना पत्ते वाटून देण्याचे काम मूळ राउटरकडेच ठेवून जुन्याची ती सोय बंद करावी. दोन्हींना एकच नाव व एकच परवलीचा शब्द दिला की चालताफिरताना फोन बहुधा आपोआप जवळचे यंत्र धरतो.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. ही तार विजेच्या तारेबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. परसातील वेगळ्या इमारतीपर्यंत उघड्यावरून जायचे असेल, तर तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशतंतू घ्यावा. पावसाळी विजांचा धोका त्याने टळतो. वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी मिळणारा लहान बॅटरीसंच घ्यावा आणि त्याचे व्होल्टेज राउटरवर छापलेल्या आकड्याशी जुळते का, ते आधी पाहावे.

तार टाकण्याच्या दिवशी एक प्रश्न घरात अवश्य विचारावा : घरातील कोणाला आपल्या जागेवरून उठणे सर्वांत कठीण जाते? दुसरे यंत्र त्यांच्याच खोलीपासून जवळ बसवावे. मग एखाद्या दुपारी माजघराचे दार लोटलेले दिसेल आणि आतून हलक्या आवाजात बोलणे ऐकू येईल. ते काय चालले आहे हे आपल्याला कळणार नाही, आणि कळूही नये. मायलेकींना मनातले बोलायला पुन्हा घरातलीच एक जागा मिळाली, एवढे पुष्कळ झाले.