नॉमिनी लावला, मृत्युपत्र राहिले

'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर 2013 साली गेले. त्याआधी दोन वर्षे, 2011 मध्ये, त्यांनी मृत्युपत्र केले होते. शिवाय काही मुदतठेवी आणि म्युच्युअल फंडांवर मोजक्या जणांची नावे नॉमिनी म्हणून लागलेली होती. हे पैसे नॉमिनींचे की सगळ्या वारसांचे, यावरून कोर्टकज्जा सुरू झाला. मुंबई उच्च न्यायालयातून तो सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला. नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे. मालक कोण, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदाच ठरवणार.

लाखो घरांत याच्या उलट समजूत आहे. बँकेच्या फॉर्मवर बायकोचे नाव घातले की तिची सोय झाली, असे नवऱ्याला प्रामाणिकपणे वाटते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे, पण त्याने मालकी ठरत नाही. गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनी होतो तो तात्पुरता सभासद, खरे वारस ठरेपर्यंत. आयुर्विम्याची गोष्ट थोडी निराळी: 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील, तर कायदा त्यांना लाभार्थी म्हणतो.

मृत्युपत्र नसेल तर काय होते? समजा, नवऱ्याने स्वतःच्या कमाईतून फ्लॅट घेतला आणि तो अचानक गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि त्याची आई. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे फ्लॅटचे चार सारखे हिस्से होतात. त्यात आईचा एक असतो, वडिलांचा मात्र नसतो. 'घर आता माझेच' असे धरून चाललेल्या पत्नीच्या वाट्याला चतकोर येतो. मुले अज्ञान असतील तर त्यांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी काढावी लागते. यात सासूचा काहीच दोष नाही, सुनेचाही नाही. जाणाऱ्याने दोन पाने लिहून ठेवली असती, तर दोघींवर ही वेळ आली नसती.

याहून कठोर नियम बाईच्या स्वतःच्या मिळकतीला लागतो. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेले एक प्रकरण प्रत्येक कमावत्या स्त्रीला ठाऊक असावे. लग्नानंतर तीन महिन्यांत एका स्त्रीचा नवरा सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली, तिने पै-पै साठवली. 1996 साली ती गेली, मृत्युपत्र न करता. बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी तिच्या आईने मागितला. मिळाला तो नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कारण मूलबाळ नसलेल्या हिंदू विधवेची स्वकष्टार्जित मिळकत कायद्याने आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आई-वडिलांचा क्रम त्यानंतर येतो. न्यायालयाने सहानुभूती दाखवली, पण कायद्यापुढे तिचा उपयोग झाला नाही. हा नियम अन्यायाचा आहे. तो बदलेपर्यंत त्यावर मृत्युपत्र हाच उपाय आहे.

आणि ते करणे अवघड नाही. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. सही मात्र दोन साक्षीदारांना दिसेल अशी करायची आणि त्यांनीही सही करायची. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे, कारण पुढे साक्ष त्यांनाच द्यायची असते. वय झालेले असेल तर डॉक्टरचा दाखला जोडावा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घ्यावी, म्हणजे 'म्हातारपणी बळजबरीने सही घेतली' या आरोपाला फारसा जोर उरत नाही. विचार बदलला तर नवे मृत्युपत्र करता येते. शेवटचे खरे धरतात.

वडिलोपार्जित जमिनीत मात्र स्वतःच्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. त्या जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि त्यासाठी वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. म्हणून वारसनोंदीच्या वेळी बहिणीसमोर हक्कसोडपत्र सरकवण्याची घाई करू नये. गोव्यातल्या कुटुंबांनी तर स्थानिक वकिलालाच विचारावे. तिथल्या कायद्यात मुलांसाठी मिळकतीचा निम्मा भाग राखीव असतो, तो मृत्युपत्रानेही दुसऱ्याला देता येत नाही.

'कटकट नको' म्हणून हयातीतच घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून देणाऱ्यांनी थोडे थांबावे. बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. करायचेच असेल तर आई-वडिलांचा सांभाळ करण्याची अट त्यात लिहावी. ती मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येते.

मृत्युपत्राइतकीच गरज एका यादीची असते. खाती, डीमॅट, पॉलिसी, लॉकर, कुणाचे देणे-घेणे. मार्च 2024 अखेर दावा न केलेल्या ठेवींचे 78,213 कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे जमा होते. त्यातल्या कितीतरी ठेवींची घरच्यांना कल्पनाही नसेल. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव घालून असा शोध घेता येतो.

नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, मूल नसलेल्या बायकांनी तरी हे काम पुढे ढकलू नये. आपल्या कष्टाचे पैसे आईला जावेत, भाचीला की एखाद्या संस्थेला, हे दोन साक्षीदार बोलावून या महिन्यातच लिहून काढावे.