मेखा कोण नेणार?

अख्खं देवस्थान सुटं करायचं, गुंडाळायचं आणि पुढच्या मुक्कामाला नेऊन जसंच्या तसं पुन्हा उभारायचं! प्राचीन इस्राएली लोक हे पुन्हापुन्हा करत, असं बायबल सांगतं. मिसर देशातली गुलामी सोडून ते आपला पुढारी मोशे याच्याबरोबर रानातून निघाले होते, आणि त्यांचं देवस्थान म्हणजे एक भलामोठा तंबू होता. मराठी बायबलमध्ये त्याला निवासमंडप म्हणतात.

तंबू हलवायचं काम लेवी वंशाकडे होतं. त्यांची घराणी तीन, आणि तिघांची कामं अगदी वेगळी. कहाथाच्या घराण्याकडे पवित्र वस्तू: कराराचा कोश ही पेटी, सोन्याचा दीपवृक्ष, वेद्या. त्या गाडीत ठेवायच्या नाहीत, खांद्यावरूनच न्यायच्या. बरं, त्यांना हातही लावायचा नाही! आधी याजक अहरोन आणि त्याचे मुलगे सगळं नीट झाकून देत. बाकीच्या वस्तूंवर वरून कातडं असे, कोशावर मात्र सगळ्यांत वर निळं कापड. गेर्षोनाच्या घराण्याकडे पडदे आणि आच्छादनं होती. त्यासाठी त्यांना २ गाड्या आणि ४ बैल मिळाले.

आता मरारीचं घराणं. त्यांच्या वाट्याला फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा आणि दोऱ्या. मेखा म्हणजे तंबूचे खुंटे! कुणाला वाटेल, हे काय काम झालं? मला विचाराल, तर खरी गंमत इथेच आहे.

उथळी म्हणजे फळी किंवा खांब ज्यात रोवून उभा करायचा ती जड बैठक. मंडपाला ४८ फळ्या, प्रत्येक फळीखाली चांदीच्या २ उथळ्या. झाल्या ९६. आतल्या पडद्याच्या ४ खांबांखाली आणखी ४. एकूण १००. एका उथळीला ३००० शेकेल चांदी लागली, म्हणजे सुमारे ३४ किलो. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाएवढं वजन की हो! १०० उथळ्या म्हणजे जवळजवळ ३४०० किलो. म्हणून तर मरारींना ४ गाड्या आणि ८ बैल दिले होते.

एवढी चांदी आली कुठून? वही घ्या आणि हिशेब करा. मोजणीत ६,०३,५५० पुरुष भरले. प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यायचा. श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी द्यायचा नाही. बेरीज येते ३,०१,७७५ शेकेल. त्यातले ३ लाख उथळ्यांत गेले आणि उरलेल्या १७७५ शेकेलांतून खांबांच्या आकड्या वगैरे झाल्या. म्हणजे एकेका उथळीत ६००० माणसांची चांदी एकत्र वितळली होती. त्यात श्रीमंताची कुठली आणि गरिबाची कुठली, हे कुणाला सांगता आलं असतं? आणि या उथळ्यांवरच तर मंडपाच्या सगळ्या फळ्या उभ्या होत्या.

मरारींमध्ये कामावर ३२०० माणसं होती, तिन्ही घराण्यांत सर्वांत जास्त. सगळी ३० ते ५० वर्षांची. त्यांच्यासाठी एक खास आज्ञा 'गणना' या पुस्तकात आहे: कुणी काय वाहायचं ते नावानिशी नेमून द्या. ही आज्ञा मला फार आवडते, कारण ती खुंटे आणि दोऱ्या वाहणाऱ्यांसाठी आहे. देवासमोर त्या ओझ्यालाही मान आहे, असं ती मोशेला आणि आपल्यालाही सांगते.

तळ हलायचा तेव्हाचा क्रमही बघा. यहूदा वंशाचा गट पुढे निघाला, की गेर्षोन आणि मरारी आपल्या गाड्या घेऊन त्याच्या मागोमाग निघत. मग रऊबेन वंशाचा गट. पवित्र वस्तू खांद्यावर घेतलेले कहाथी त्यानंतर. ते नव्या मुक्कामावर पोहोचायच्या आत तिथे उथळ्या मांडायच्या, फळ्या उभ्या करायच्या, पडदे लावायचे आणि मंडप तयार ठेवायचा.