झोपेची गोळी आणि पायांवरची सूज

सोलापुराहून पुण्याच्या वाटेला निघाले की चिंचोळीची एमआयडीसी लागते. इथे कापडाचे, रसायनांचे, औषधांचे कारखाने आहेत. अनेक कारखाने रात्रीही निजत नाहीत. मग कामगाराने निजावे कधी? काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रातपाळी. सकाळी घरी यावे तर ऊन वर आलेले, पोरांचा गलबला चाललेला. डोळा काही लागत नाही.

मग कुणी सोबती म्हणतो, “अहो मामा, एक गोळी घ्या की! बिनघोर झोपाल.” मामा गोळी घेतात. झोप लागते. पण पंधरा दिवसांनी चप्पल घट्ट होते. पाय सुजलेले दिसतात. हे गोळीने झाले काय? तेच आपण पाहू.

सूज म्हणजे काय?

आपले रक्त नळ्यांमधून फिरते. बारीक नळ्यांतून थोडे पाणी बाहेर झिरपते आणि परत वाटेला लागते. शेतातला पाट पाझरतो, तसेच हे. पाझर वाढला किंवा पाणी परत गेले नाही, तर ते मासात साठते. पाणी उताराकडे जाते. म्हणून आधी पाय सुजतात.

नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर पाणी साठले आहे असे समजा.

सगळ्याच गोळ्यांनी सूज येते काय?

नाही. अल्प्राझोलम, झोल्पिडेम या झोपेच्या गोळ्यांनी पाय सुजणे क्वचितच घडते. दुखण्यामुळे झोप उडाली, तर डॉक्टर कधी प्रिगाबालिन किंवा गॅबापेंटिन देतात. या औषधांनी पायांवर सूज येऊ शकते, हे चांगले माहीत आहे. मन उदास असल्यावर देतात त्या मिर्टाझापिननेही काहींना सूज येते.

एक सूज मात्र फार वाईट. गोळी घेतल्यावर ओठ, जीभ, घसा सुजला आणि दम कोंडला, तर एक क्षणही थांबू नका. असे फार क्वचित होते, पण जिवावर बेतते. ताबडतोब १०८ नंबरला फोन लावा.

दोष दुसऱ्याचाही असू शकतो

पायांच्या सुजेला गोळी हे एकच कारण नाही. आठ तास उभे राहून काम केले तरी पाय सुजतात. अंगदुखीच्या गोळ्या मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवतात. रक्तदाबाची अम्लोडिपिन ही गोळीही पाय सुजवते. मूत्रपिंड, यकृत बिघडले तरी सूज येते. एकच पाय सुजून दुखू लागला, तर रक्ताची गाठ असू शकते. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणि नीट ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही. हृदय कमजोर झाले तर पाय सुजतात. आडवे पडले की दम लागतो. माणूस रात्री उठून बसतो. त्याला वाटते, आपली झोप गेली. तो झोपेची गोळी घेतो. ही तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! हृदयाचे दुखणे आतल्या आत वाढत राहते आणि गोळी ते झाकून ठेवते.

मग करावे काय?

डॉक्टरला सगळ्या गोळ्या दाखवा. पिशवीत घालून न्या. सूज कधी आली, गोळी कधी सुरू केली, ते सांगा. रोज सकाळी वजन करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ते चरबीचे नव्हे, पाण्याचे.

रोज घेत असलेली झोपेची गोळी मनानेच एकाएकी बंद करू नका. पुष्कळ दिवसांची सवय असली तर घाबरे होते, हातपाय थरथरतात, कधी झटकेही येतात. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. गोळीवर दारू तर मुळीच नको. श्वास मंद होऊन माणूस दगावतो.

दुसऱ्याची गोळी घेऊ नका. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, झोल्पिडेम अशा गोळ्यांसाठी कडक नियम आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून त्या विकता येत नाहीत. दुकानदाराला गिऱ्हाइकाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहावे लागते. वेष्टणावर लाल चौकटीत इशारा असतो. आता आपल्याला वाचता येते. तो इशारा वाचावा.

रातपाळीहून आल्यावर खोलीत अंधार करा. पाळीच्या शेवटच्या तासांत चहा घेऊ नका. घरच्यांनीही दार ओढून घ्यावे आणि चार तास गलका आवरावा. कमावत्या माणसाची झोप ही साऱ्या घराची कमाई आहे, असे आम्हाला वाटते.