कोर्टात लेकराची सोबत

मागे आम्ही पॉक्सो कायद्यावर बोललो होतो. त्यानंतर साकोलीच्या बाजारात एका ताईंनी आम्हाला थांबवून विचारलं, "तक्रार त केली, मंग त्या पोरीसंग कोन रायते?" आज त्याबद्दलच बोलू.

कायद्यानं या कामासाठी एक माणूस ठरवून दिला आहे. २०२० च्या पॉक्सो नियमांत त्याला 'सपोर्ट पर्सन', म्हणजे सहायक व्यक्ती म्हटलं आहे. गुन्ह्याची माहिती पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला द्यायची असते. समिती मूल आणि पालक यांच्या संमतीनं सहायक व्यक्ती नेमते. तपासापासून निकालापर्यंत ही व्यक्ती लेकरासोबत राहते. अमेरिकेत सिएटलला डेव्हिड सुकप या न्यायाधीशांनी १९७७ साली अशाच मुलांसाठी साधी माणसं स्वयंसेवक म्हणून नेमायला सुरुवात केली. तिथं नेमणूक न्यायाधीश करतात, आपल्याकडे समिती.

पुष्कळ घरांना हे कोणी सांगतच नाही. म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की ही सोय पालकांच्या मर्जीवर सोडू नका, प्रत्येक कुटुंबाला हा हक्क कळवा. तेव्हा कोणी सांगितलं नाही तर आपणच मागायची.

आता हिचं काम काय? ती वकील नाही. भाषण करत नाही, पुरावे शोधत नाही. जबाब घ्यायला येणारे पोलीस गणवेशात नसावेत आणि जबाब घरीच घेता येतो, हे तिला माहीत असतं. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनं, घरच्या किंवा विश्वासातल्या माणसासमोर करायची असते, यावर तिचं लक्ष असतं. पुढची तारीख कधी, आरोपीला जामीन मिळाला का, हे ती घरच्यांना सांगते. भरपाईसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज भरायला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सोबत जाते.

खरी कसोटी मात्र मधल्या काळात लागते. कायद्यात लिहिलंय की मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपावा. तारखा लांबतात. जिल्हा न्यायालय भंडाऱ्याला. ऐन रोवणीत मजुरी बुडवून चाळीसेक किलोमीटर जायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. त्यात आरोपी बहुतेकदा ओळखीतला, कधी घरातलाच. मग बैठका बसतात, "पोरीचं लगन कसं होईल" म्हणून आईवर दबाव येतो, आणि घर मागे सरकतं. अशा वेळी त्या पोरीला "तू खोटं बोलली नाहीस" म्हणणारं एक तरी माणूस लागतं. आमच्या मते या कामाचं अर्धं मोल इथंच आहे.

साक्षीच्या आधी लेकरू विचारतं, "तो तिथं राहील का?" तिला सांगायचं की तो समोर दिसणार नाही अशी व्यवस्था न्यायालयानं करायची असते. सुनावणी बंद दाराआड होते. वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत येतात. दमलीस तर थांबायला मागता येतं. आठवत नसेल तर तसं सांगता येतं. पण काय सांगायचं, हे चुकूनही शिकवायचं नाही. मायेपोटी पढवलेलं एक वाक्य उलटतपासणीत उघडं पडतं आणि सगळी खरी साक्ष संशयात जाते.

आणि तोंड बंद ठेवायचं. गावात पाण्यावर, मंडईत, लग्नात कोणीही विचारेल, "कोणाची पोर?" नाव सोडाच, ओळख पटेल असं काहीही सांगायचं नाही.

हे काम करायचं असेल तर समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकास यांतली पदव्युत्तर पदवी लागते. नाहीतर साधी पदवी आणि मुलांच्या शिक्षणाचा, विकासाचा वा संरक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. कामाचे पैसे द्यायची तरतूद नियमांत आहे. आपल्या गावांत मुलांसोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या पदवीधर बाया कमी नाहीत. भंडाऱ्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन यादीत नाव घालण्याबद्दल विचारा. आणि एखादं लेकरू आत्ताच संकटात दिसलं, तर १०९८ ला फोन लावा. पैसे लागत नाहीत.